शेवटचा रकाना

ज्या वर्षी आजोबांनी बांधलेली विटांची भट्टी पाडून बेकरीत विजेची भट्टी बसवली आणि त्याच महिन्यात आईने मधल्या मुलाला "आपण कोणाकडे आलात?" असं विचारलं, त्या वर्षी घरात तक्ता आला.

तक्ता आणला सूनबाईने, म्हणजे मधल्याच्या बायकोने. ती एका कारखान्याच्या कचेरीत मालाच्या गाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम करत असे. कोणती गाडी सुटली, कोण चालक, कुठवर पोचली, हे तिथे एकाच शीटवर असायचं आणि दहा माणसं दहा ठिकाणांहून ते एकाच वेळी भरायची. एका संध्याकाळी आईला रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली. थोरलीने घरी जाताना दिली आणि मधल्याने बेकरीतून आल्यावर परत दिली. डॉक्टरांनी दोघा बहीणभावांना पलंगाशेजारी उभं करून झापलं. थोरली तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सूनबाईने सगळ्यांच्या फोनवर लिंक पाठवली.

तारीख, वेळ, कोण होतं, औषध, खाणं, असे पाच रकाने तिने आखले. सहावा धाकट्याने मागून घेतला. तो समुद्रापलीकडे एका शीतगृहात खोकी उचलायच्या कामावर होता आणि चार वर्षांत घरी आला नव्हता. तुम्ही मला औषधांची नावं सांगता, आई काय बोलली ते कोणी सांगत नाही, असं तो म्हणाला. म्हणून शेवटचा रकाना झाला, 'आई काय म्हणाली'. तोच पुढे सगळ्यांच्या जिव्हारी लागला.

सकाळी सहा ते नऊ सूनबाई आईजवळ असे. नऊला ती कचेरीत निघाली की थोरली येई, ती संध्याकाळपर्यंत. मग मधला. थोरली दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. आईचं कळल्यावर तिने नवी कामं घेणं बंद केलं होतं, मशीनवर चादर टाकली होती. तक्त्यात सगळ्यात जास्त ओळी तिच्या. त्या ओळींच्या शेवटच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ.

आई तिच्याशी बोलतच नसे. थोरली खोलीत आली की आई पलंगावर नीट होऊन बसायची, पाय आखडून घ्यायची, दिलेलं खाली मान घालून मुकाट खायची. ताटात काही उरू देत नसे. फार तर "झालं, उचलते" म्हणून ताटाला हात लावायची. दिवसाचे आठ तास थोरली तिच्यासमोर बसे आणि संध्याकाळी फोनवर एका बोटाने रेघ ओढे.

सूनबाईच्या ओळी मात्र भरलेल्या. 'आई म्हणाल्या, तुझ्या हातचं पाणी गोड लागतं.' 'आई म्हणाल्या, केस किती गं वाढले तुझे, ये, विंचरून देते.' आणि एका गुरुवारी, 'आई म्हणाल्या, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.'

तक्त्यात प्रत्येकाच्या चौकटीला रंग होता. सूनबाईची हिरवी, मधल्याची नारिंगी, थोरलीची निळी, धाकट्याची जांभळी. सकाळी पावणेनऊला थोरली चपला घालून दाराशी उभी राही आणि निघायच्या आधी फोन उघडे. हिरवी चौकट शेवटच्या रकान्यात आलेली असे. ती आधीच राखाडी झालेली असे, म्हणजे आत काहीतरी लिहिणं चाललंय, आणि थोड्या वेळाने ओळ उमटे. थोरली ती वाचून मगच कुलूप लावी. दोन गल्ल्या चालताना ती मनात हिशेब मांडे. सून आठ तास कचेरीत खुर्चीवर बसते, पगार घेते, तीन तास आईला पाणी पाजते आणि केस विंचरून घेते. आपण मशीन बंद केलं, डोळे फोडले, आणि आपल्या पदरात रेघ. कधी तिला वाटे, हे सगळं ही मनाने लिहीत असणार. एवढं बोलायला आई आता कुठे बोलते?

तिने हे मधल्याला बोलून दाखवलं. मधला मळलेल्या पिठाचा गोळा तोडत होता. तो म्हणाला, "मग तूही लिही ना काहीतरी. कोण बघायला येतंय?" थोरलीला ते इतकं लागलं की तिने उलट त्यालाच सुनावलं. तुझ्या ओळी मोजल्या आहेत मी, एका हाताच्या बोटांवर मावतील, असं ती म्हणाली आणि पावाची लादी न घेताच गेली.

मधला सरळ माणूस, पण हिशेबात कमी ठरलेला त्याला चालत नसे. बापाने भट्टी त्याच्या हाती दिली होती ती याच गुणामुळे. शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याने गल्ल्यावर फोन ठेवून तक्ता उघडला. आपल्या किती पाळ्या झाल्या ते त्याला मोजायचं होतं. नावं सरमिसळ होती, थोरली, सून, मधला, परत थोरली. बेकरीत तो मालाची पत्रकं लावताना करायचा तेच त्याने केलं. पत्रकांची एकच चळत उचलून अक्षरांप्रमाणे लावायची, की सारखी नावं एकाखाली एक येतात. त्याने 'कोण होतं' हा एकटा रकाना निवडला आणि सॉर्ट केला. नावं शिस्तीत लागली. वर सगळ्या थोरल्या, मग मधला, शेवटी सून. त्याच्या एकवीस पाळ्या भरल्या. एका हाताच्या बोटांवर मावत नव्हत्या. तो खूश होऊन बिस्किटांच्या बरण्या पुसायला लागला.

बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले आहेत आणि एकट्या नावांनीच जागा बदलली आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी थोरलीने रेघ ओढायला फोन उघडला. उघडताना तिचं बोट घसरलं आणि तक्ता पहिल्या पानावर गेला. तिथे तिचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, तुझ्या हातचं पाणी गोड लागतं. खालच्या ओळीत परत तिचंच नाव. केस किती गं वाढले तुझे. गुरुवारच्या ओळीतही तीच. थोरली, आणि पुढे, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

हे चुकलंय हे तिला तत्क्षणी कळलं. कापड उलटं बेतलं गेलेलं ओळखायला तिला दुसरी नजर लागत नसे. एक फोन केला असता तर काम झालं असतं. तिने केला नाही. ती आईच्या उशाशी स्टुलावर बसून ती ओळ वाचत राहिली. आपल्या नावाच्या पुढे ती कशी दिसते, ते तिला बघायचं होतं. शनिवारीही तिने कोणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी सूनबाईने तक्ता बघितला आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं ती या घरात होती. सासूने तिला कधी वाईट वागवलं नव्हतं, पण हाक मारायची झाली की ती नुसतं "अगं ए" म्हणे. पहिलं बाळ गेलं तेव्हाही आई तिच्याजवळ बसल्या नव्हत्या. त्या दारात उभ्या राहिल्या आणि दूध पिऊन घे म्हणाल्या. आता कुठे दोन गोड शब्द वाट्याला आले होते, तेही नणंदेने आपल्या नावावर करून घेतले, असं तिला वाटलं. तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. रविवारी सगळे जमणार होते. तिने कचेरीतला लॅपटॉप घरी आणून ठेवला.

रविवारी अकरा वाजता आईच्या खोलीबाहेरच्या टेबलावर सगळे बसले. धाकटा फोनमध्ये होता, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला. आई आत झोपली होती, दार उघडं होतं, म्हणून सगळे हळू बोलत होते. हळू बोललं की टोचून बोललेलं जास्त टोचतं.

सुरुवात औषधांपासून झाली. मग सूनबाईने लॅपटॉप थोरलीपुढे फिरवला आणि विचारलं, "ताई, माझ्या ओळी तुमच्या नावावर कशा गेल्या?"

थोरली म्हणाली, मी काही केलेलं नाही. सूनबाईने विचारलं, मग बघितलं तरी होतं का? थोरली गप्प बसली. ते गप्प बसणं सूनबाईला पुरलं. परवापासून तुम्ही रोज तक्ता उघडताय, तुमची निळी चौकट त्या गुरुवारच्या ओळीवर तासतासभर बसलेली मी कचेरीतून बघितली आहे, असं ती म्हणाली. मधला मध्ये पडायला गेला, तर दोघींनी त्याला एकदमच गप्प केलं.

"तुला आई मिळाली, हक्काची," सूनबाई म्हणाली. रागात ती अहो-जाहो विसरली होती. "लहानपणापासून मिळाली. मला जे मिळालं ते पंधरा-वीस ओळींचं आहे. तेवढंही तुला बघवलं नाही?"

"मला मिळाली?" थोरली म्हणाली. "दिवसभर समोर बसते मी तिच्या. ती माझ्याकडे मान वर करून बघत नाही. तुझ्याशी बोलते, तेही बाहेरच्या मुलीशी, आणि मी ते दाराशी उभी राहून वाचते. तू खरं लिहितेस की मनाने लिहितेस, ते तुझं तुला माहीत."

सूनबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, या शीटला सगळं आठवतं. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं. आत्ता उघडते.

"माझ्यासमोर उघड," थोरली म्हणाली.

सूनबाईने व्हर्जन हिस्टरी उघडली. उजवीकडे तारखांची यादी आली. शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. त्यापुढे नारिंगी ठिपका आणि मधल्याचं नाव. सगळे मधल्याकडे बघायला लागले. मधल्याने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. मी फक्त नीट लावलं, तो म्हणाला. एकवीस पाळ्या भरल्या माझ्या. धाकट्याला फोनमध्ये हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घालवलं.

तेवढ्यावर मिटलं असतं. सूनबाईने जुना तक्ता परत आणला, नावं आपापल्या जागी गेली. थोरलीच्या नावापुढे परत रेघ आली. सूनबाई तिची माफी मागायला तोंड उघडत होती. आवाज निवला होता, पण मान अजून ताठ होती. ती म्हणाली, "राग नका मानू ताई. पण आईंचे शब्द माझे आहेत, ते मी कोणाला देणार नाही."

तेव्हा धाकटा बोलला.

त्या शीतगृहात धाकटा दोन जाड स्वेटर घालून काम करायचा आणि फोन मांडणीवर, खोक्यांच्या मध्ये, उघडा ठेवायचा. त्याची जांभळी चौकट शेवटच्या रकान्यात असायची. लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं, तो नुसता तिथे असायचा. घरच्यांना वाटे, विसरला बंद करायला. तो विसरत नसे. चार वर्षांत आईने त्याचं नाव एकदाही घेतलेलं त्याने कुठे वाचलं नव्हतं, आणि घेईल तेव्हा आपण हजर असावं एवढंच त्याला हवं होतं. म्हणून सूनबाई जे लिही ते तो सगळ्यांच्या आधी वाचे. तिने पुसलेलंही.

"वहिनी," तो म्हणाला, "आता त्या गुरुवारच्या चौकटीचा इतिहास दाखवा. शेवटच्या रकान्यातली."

सूनबाईचा हात लॅपटॉपवरून खाली आला.

"तू उघड, दादा," धाकटा म्हणाला. "उजवं बटण दाब, खाली इतिहास येईल."

मधल्याने दाबलं. एकाच चौकटीचे दोन मजकूर एकाखाली एक आले. मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर. खालचा सगळ्यांना पाठ होता. वरचा मधल्याने मोठ्याने वाचला. 'आई म्हणाल्या, भिंगरे, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.'

भिंगरी हे थोरलीचं नाव. तीन-चार वर्षांची असताना ती भट्टीसमोरच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरत राहायची, पडेपर्यंत. आईने ठेवलेलं हे नाव. थोरली न्हातीधुती झाल्यावर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती, पण त्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती.

मधल्याने दुसरी चौकट उघडली. भिंगरे, तुझ्या हातचं पाणी गोड लागतं. तिसरी. भिंगरे, केस किती गं वाढले तुझे. सतरा ओळींत सतरा वेळा ते नाव आधी लिहिलेलं होतं आणि अर्ध्या मिनिटात काढलेलं होतं.

मग सूनबाई टेबलाकडे बघत म्हणाली, "मी खोटं लिहिलं नाही. शब्द एकही बदलला नाही. पाणी मीच पाजलं होतं. केस माझेच होते." थोडं थांबून ती म्हणाली, "आधी नाव लिहायची मी. मग वाचून बघायची, आणि जीव जळायचा. बावीस वर्षांनी माझ्याशी गोड बोलतात, ते पण मी तुम्ही आहे असं समजून."

थोरलीने धाकट्याला विचारलं, तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

धाकट्याने स्वेटरची बाही खाली ओढली. "तुम्ही तिघं तिथे आहात. तुमच्याकडे आई आहे. माझ्याकडे असलेली आणि तुमच्यापैकी कोणाकडे नसलेली ही एकच गोष्ट होती, ताई."

थोरलीला सूनबाईचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. तिचा हेवा दुसरीकडेच वळला होता. आई ज्या भिंगरीशी बोलते तिचे केस काळे आहेत, गुडघे दुखत नाहीत, ती समोर आली की आईचा जीव सुपाएवढा होतो. ती भिंगरी आपण नव्हे. जगात कोणाचा करू नये इतका हेवा तिला त्या पोरीचा वाटला. मग आई मला कोण समजते, तिने विचारलं.

हे सूनबाईला माहीत होतं. पण तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, उद्या सकाळी माझ्या पाळीला या.

सोमवारी साडेसहाला थोरली आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. सूनबाई आईच्या पलंगावर बसून चमच्याने पेज भरवत होती. आई पाय पसरून बसली होती. थोरलीने आईला असं सैल बसलेलं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आई बडबडत होती, भट्टीचा धूर, ओली लाकडं, असं काहीबाही. मग तिला स्टुलावरची थोरली दिसली. तिने पाय आखडून घेतले. सूनबाईचा दंड धरून तिला जवळ ओढलं आणि हळूच, पण ऐकू जाईल असं विचारलं, "भिंगरे, सासूबाई रोज येऊन का गं बसतात? माझं काही चुकलं का?"

घरात आजीची, म्हणजे आईच्या सासूची, एक तसबीर होती. पांढरे केस, रुंद कपाळ, खाली वळलेली जिवणी. थोरली आजीच्या वळणावर गेली आहे असं सगळेच म्हणायचे. त्या आजीने आईला पंधरा वर्षं उभ्याने जेवायला लावलं होतं, ताटात उरलेलं मोजलं होतं आणि एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

सूनबाईने थोरलीकडे बघितलं. तिला वाटलं, ही आता उठून जाईल.

थोरली उठली, पण पलंगाजवळ आली. आईने मान खाली घातली. थोरली म्हणाली, "नाही. तुझं काही चुकलेलं नाही. कधीच चुकलं नव्हतं."

आईने मान वर केली. ती थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली, इतका वेळ की चमच्यातली पेज निवली. मग थोडी सरकून तिने पलंगावर जागा केली आणि म्हणाली, "बसा ना मग."

पावणेनऊला सूनबाईने ओळ भरली. थोरली बाजूलाच होती, तरी तिने ती आपल्या फोनवर बघितली. आई काय म्हणाली, त्यात सगळं होतं, भिंगरे सकट. तिने अर्धं मिनिट वाट पाहिली. नाव गेलं नाही. खालच्या ओळीवर जांभळी चौकट येऊन थांबली होती.

त्यानंतर थोरली रोज सकाळीही येऊ लागली. सूनबाईला ते आवडत होतं असं नाही. आपल्या तीन तासांतही हिने वाटा घेतला, हे तिच्या मनातून गेलं नाही. आणि आई भिंगरी म्हणून सुनेच्या गालावरून हात फिरवी तेव्हा थोरली खिडकीबाहेर बघे. पण आई आता थोरलीच्या पाळीला पाय पसरून बसायची. ताटात दोन घास उरू द्यायची. थोरली 'खाणं' या रकान्यात लिही, 'थोडं टाकलं', आणि त्या दिवशी तिला बरं वाटे.

एकोणतीस दिवसांनी, मंगळवारी, सूनबाई कचेरीत गाड्या लावत होती. तक्ता बाजूला उघडा होता. पावणेअकराला निळी चौकट हलली. तारीख भरली गेली. वेळ भरली गेली. कोण होतं, थोरली. औषध, रेघ. खाणं, रेघ. मग निळी चौकट शेवटच्या रकान्यात गेली आणि राखाडी झाली. सूनबाईला या वेळेला नवी ओळ येण्याचं कारण कळलं आणि ती चष्मा शोधू लागली. शेवटच्या रकान्यात एक छोटी ओळ उमटली. ती चष्मा लावेपर्यंत ओळ गेली होती. चौकट कोरी होती. त्यात रेघही नव्हती.

उजवं बटण दाबलं असतं तर काय लिहिलं होतं ते दिसलं असतं. सूनबाईने माऊसवर हात ठेवला. आईंनी शेवटी कोणाला, कोणत्या नावाने हाक मारली, हे जाणून घ्यायला तिचा जीव तुटत होता, आणि जे तिथे असेल ते आपलं नसेल हेही तिला माहीत होतं. धाकट्याचा निरोप आला. वहिनी, मी खोकी लावत होतो, मलाही वाचता आलं नाही, तुम्ही बघितलं का? तिने लिहिलं, नाही. मग तिने लॅपटॉप मिटला आणि घरी जायला निघाली.

ती चौकट अजून तशीच कोरी आहे. तिघांपैकी कोणी तिचा इतिहास उघडला नाही आणि थोरलीने सांगितला नाही.

आई वारली ती त्याच मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. जवळ थोरली होती.